केडंपची सेवा चालू, तरी डंप नाही: या चुका टाळा

महाप्यातील एका डेटा सेंटरमध्ये आमच्या देखरेखीखालचा डेटाबेस सर्व्हर जुलैतल्या एका रात्री आपोआप रीबूट झाला आणि सकाळी पाहिले, तर डंप, म्हणजे क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीची नोंद, जिथे साठतो ती /व्हार/क्रॅश ही डिरेक्टरी रिकामी होती. हा डंप घेणारी लिनक्सची केडंप ही सेवा मात्र 'ॲक्टिव्ह' दिसत होती, आणि तेवढ्यावरच आम्ही वर्षभर निश्चिंत राहिलो होतो.

'ॲक्टिव्ह'चा अर्थ इतकाच, की बूटच्या वेळी राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा, छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) भरून ठेवलेला आहे. मुख्य कर्नल पॅनिक झाला, म्हणजे गंभीर चुकीमुळे थांबला, की केएक्झेक ही यंत्रणा बायोसला वळसा घालून हा दुसरा कर्नल सुरू करतो, आणि तो जुन्या कर्नलची मेमरी वाचून डिस्कवर लिहितो. हे लिहिणे जमेल की नाही, याबद्दल सेवेची स्थिती काहीच सांगत नाही.

आमची चूक राखीव मेमरीत होती. रेड हॅट 9 या लिनक्समध्ये 4 ते 64 जीबी रॅमच्या यंत्रासाठी 256 एमबी राखली जाते आणि आमच्या 32 जीबीच्या सर्व्हरवर तेवढीच होती. परंतु त्याला स्टोरेजचे अनेक लन (बाहेरच्या स्टोरेजमधून दिलेल्या डिस्क) मल्टिपाथने, म्हणजे एकाहून अधिक मार्गांनी, जोडलेले असल्याने त्यांचे ड्रायव्हर चढता चढताच दुसऱ्या कर्नलची मेमरी संपत होती. हे लॉगमध्ये सापडत नाही, कारण लॉग लिहिण्यापूर्वीच सारे आटोपलेले असते. बीएमसी या सर्व्हरमधल्या स्वतंत्र नियंत्रण चिपच्या सिरीयल कन्सोलवर नजर ठेवून मुद्दाम क्रॅश घडवला, तेव्हाच 'आउट ऑफ मेमरी'ची ओळ दिसली. राखीव मेमरी 512 एमबी केल्यावर डंप मिळाला. ग्रब या बूटलोडरमध्ये बदल केल्यावर रीबूट करावेच लागते, आणि नंतर कर्नलला बूटच्या वेळी मिळालेले पर्याय दाखवणारी /प्रोक/सीएमडीलाइन पाहून नवा आकडा खरोखर लागू झाल्याची खात्री करावी. जुन्या स्क्रिप्टमधून 'क्रॅशकर्नल=ऑटो' (मेमरी आपोआप राखण्याची सूचना) उचलणाऱ्यांनी विशेष जपावे: रेड हॅट 9 मध्ये ते चालत नाही.

मुद्दाम क्रॅश घडवण्यासाठी डेटाबेस रीतसर बंद करून, मेंटेनन्सची वेळ मागून घेऊन, रूट या सर्वाधिकारी खात्यातून, कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या /प्रोक/सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलमध्ये 'सी' हे अक्षर लिहावे. सिसआरक्यूची सिस्कटल सेटिंग बंद असली तरी हे चालते, कारण ती सेटिंग फक्त कीबोर्डला लागू असते. अनेकांना हे ठाऊक नसल्याने ते उगाच आधी ती बदलत बसतात.

डंप ऐरोलीतल्या दुसऱ्या सर्व्हरवर एसएसएच या सुरक्षित जोडणीने पाठवायचा असेल, तर चावी नुसती रूटच्या खात्यात असून भागत नाही, ती केडंपच्या इनिट्रॅमएफएसमध्येही, म्हणजे दुसऱ्या कर्नलसोबत चढणाऱ्या छोट्या फाइल-इमेजमध्येही, पोहोचली पाहिजे. केडंपच्या कॉन्फिगमध्ये बदल केल्यावर सेवा रीस्टार्ट करून ही इमेज नव्याने बांधली गेल्याचे पाहावे. जागेचेही आधीच पाहावे: डंप गाळून लिहिणाऱ्या मेकडंपफाइलला 31 ही पातळी दिली की रिकामी पाने, कॅशे आणि युजर प्रोसेसचा डेटा गाळला जातो, पण 'व्हार' भरलेलेच असेल तर गाळलेला डंपही मावत नाही.

सर्व्हर गोठणे आणि पॅनिक होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गोठलेल्या यंत्राचे पॉवर बटण दाबले की मेमरी गेली, डंप नाही. अशा यंत्रांवर 'अननोन एनएमआय पॅनिक' ही सेटिंग 1 करून ठेवावी आणि गरज पडल्यास बीएमसीमधून एनएमआय, म्हणजे प्रोसेसरला टाळता न येणारा संकेत, पाठवावा; त्याने कर्नल पॅनिक होतो. प्रतिसाद न देणारे यंत्र आपोआप रीसेट करणारा हार्डवेअरचा वॉचडॉगही तपासावा, कारण लिहिणे अर्धवट असतानाच तो यंत्र रीसेट करू शकतो.

पुढच्या महिन्यात तोच सर्व्हर पुन्हा पडला आणि या वेळी डंप पूर्ण लिहिला गेला होता. 'क्रॅश' या साधनात तो उघडायला मात्र आम्हांला संध्याकाळ झाली, कारण त्याच आवृत्तीच्या कर्नलचे डीबगइन्फो पॅकेज (डंप वाचायला लागणारी माहिती) त्या इंटरनेट नसलेल्या नेटवर्कमध्ये कोणीही आधी आणून ठेवले नव्हते.