आठ अंकी संख्येची झडती

मोठी संख्या दिसली की लोक कॅल्क्युलेटर काढतात. मी आधी तिचं शेपूट बघतो. ८,७५,३९,३१९ घ्या. शेवटी ९, म्हणजे २ आणि ५ बाद. शेवटचे दोन अंक १९, ४ ने भागल्यावर बाकी ३. कुठल्याही वर्गाला ४ ने भागलं तर बाकी ० किंवा १ च उरते. म्हणून ही संख्या वर्ग नाही आणि दोन वर्गांची बेरीजही नाही. दोन सेकंदांचं काम.

अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो. पण गणितज्ञ कापरेकरांची हर्षद संख्या, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी, काही ही नव्हे. त्यासाठी ४५ ने भाग जायला हवा, आणि इथे तर ५ नेच जात नाही.

७, ११, १३ यांचा गुणाकार १००१, त्यामुळे तिघांना एकच युक्ती पुरते. लाख-कोटींचे स्वल्पविराम विसरा आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आलटून पालटून वजा-अधिक करा. ३१९ − ५३९ + ८७ = −१३३. उणे चिन्हाचं काही देणंघेणं नाही. १३३ ला ७ ने भाग जातो, ११ आणि १३ ने नाही.

९ आणि ७ काढून टाकले की १३,८९,५१३. अंकांची बेरीज ३०, म्हणजे आणखी एक ३ निघतो. उरले ४,६३,१७१. आता मात्र मूळ संख्या ओळीने लावत बसायचं. ३१ ने भाग गेला, उरले १४,९४१. इथे मी पहिल्या खेपेला ६१ पर्यंत जाऊन कंटाळलो आणि वहीत ‘मूळ’ असं लिहून मोकळा झालो. वर्गमूळ १२२ च्या जरा पुढे आहे, तेव्हा ११३ पर्यंत जाणं भागच होतं. पुढचीच मूळ संख्या ६७, आणि ६७ × २२३ = १४,९४१!

तर अवयव झाले ३³ × ७ × ३१ × ६७ × २२३. घातांकांत एकेक मिळवून गुणा: ४ × २ × २ × २ × २, म्हणजे ६४ विभाजक. ती स्वतः सोडून बाकीच्यांची बेरीज ६,८४,३६,३६१, संख्येपेक्षा कमी. म्हणून ही न्यून संख्या.

शेवटी घन. ९ ने भागून बाकी ३, ४, ५ किंवा ६ आली तर दोन घनांच्या बेरजेचा नाद सोडा. इथे बाकी ०, म्हणजे आशा आहे. १७२९ ही दोन धन घनांची बेरीज दोन प्रकारे होणारी सर्वांत लहान संख्या. तीन प्रकारे होणारी सर्वांत लहान म्हणजे आपली हीच, जॉन लीच यांनी १९५७ मध्ये शोधलेली: १६७³ + ४३६³, २२८³ + ४२३³, २५५³ + ४१४³.

अ³ + ब³ ला अ + ब ने भाग जातोच. जोड्यांच्या बेरजा करून बघा: ६०३ = ९ × ६७, ६५१ = ३ × ७ × ३१, ६६९ = ३ × २२३. मी चुकवलेला ६७ पहिल्याच जोडीत बसला होता.