श्वेतकेतूचे प्रयोग: मुलांना उपनिषद करून कसं दाखवायचं

मुलांना ऋषी सांगायचे असतील तर पोथी उघडण्याआधी थोडं खडेमीठ आणून ठेवा. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आसपासची मुलं आमच्या गच्चीवर येतात. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, माझ्याशी मराठी. सोलापुरात यात नवल काही नाही. सगळी मला अजून 'बाई'च म्हणतात.

पहिल्या दिवशी थेट उपनिषदात शिरू नका. गावातल्या माणसांपासून धरा. शहराच्या पूर्व भागातल्या, विणकर वस्तीतल्या मुलांना मार्कंडेय ऋषी सांगावे लागत नाहीत. नारळी पौर्णिमेचा रथ त्यांनी लहानपणापासून पाहिलेला असतो आणि पद्मशाली म्हणजे विणकर समाजाच्या घरांत तो कुळाचा विषय असतो. उरलेल्यांना सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर ठाऊक असतात, म्हणजे यात्रेतले नंदीध्वज, भोगीच्या दिवशीच्या अक्षता आणि गड्ड्यावरचे, म्हणजे जत्रेतले पाळणे. पण सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातला सिद्धराम, आणि तो लहानपणी कसा होता, हे विचारलं की सगळे गप्प. तर ते सांगा. रानात गुरं राखणारा अबोल पोरगा. मल्लय्या नावाचा एक जंगम, म्हणजे फिरता शिवभक्त, येतो, हुरडा मागतो, खातो, आणि मग म्हणतो, दहीभात आण. पोरगा घरी धावतो, दहीभात घेऊन परत येतो, तर जंगम नाही. मग हाका मारत, शोधत तो थेट श्रीशैलमपर्यंत जातो. ही गोष्ट जानेवारीत, हातात गरम हुरडा देऊन सांगा. पुढे तो मोठा झाला आणि गावात तळं खणलं, हे सांगितलं की मुलं तळ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

मग छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय काढा. सामवेदातलं आहे हे. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे जातो, चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून घरी येतो आणि ताठ मानेनं वावरतो. बाप, उद्दालक आरुणी, त्याला रागवत नाही. तो त्याच्याकडून एकेक गोष्ट करून घेतो. म्हणूनच हा अध्याय मला आवडतो: पोरानं हात घातल्याशिवाय बाप तोंड उघडत नाही. शिकवणाऱ्यानं पाळायचं ते एवढंच. आधी करायला लावा, 'काय दिसतं?' विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यांत अवघड जातं, विशेषतः आजी-आजोबांना.

पहिलं उदाहरण मातीचं. मातीचा एक गोळा कळला की मातीचं सगळं कळलं, मडकं-रांजण ही नुसती नावं. पुढे सोनं येतं, आणि मग लोखंडासाठी चक्क नखं कापायचं हत्यार. मुलं इथे हसतात, हसू द्या. आमच्याकडे कुंभारवाड्यात जायची गरज पडत नाही. मागावरून उरलेलं सूत कुणीतरी घेऊन येतं, मी एक जुनी चादर आणि एक टॉवेल ठेवते. धागा ओढून दाखवा. चादर कुठे आहे आणि सूत कुठे आहे, बोट ठेवा म्हणा. यावर फार वेळ घालवू नका.

आता मीठ. उद्दालक म्हणतो, हे मीठ पाण्यात टाक आणि सकाळी ये. तसंच करा. सुपारीएवढा स्वच्छ खडा घ्या, मोठा तांब्याभर प्यायचं पाणी घ्या, आणि संध्याकाळी मुलाच्याच हातानं तो खडा आत सोडा. बारीक मीठ घेऊ नका; डोळ्यांना दिसणारा, बोटांना लागणारा खडाच हवा, नाहीतर सकाळी हरवायला काही उरत नाही. सकाळी सांगा, 'काल टाकलेलं मीठ काढून दे.'

मुलं लगेच पाणी चाखायला धावतात. थांबवा. श्वेतकेतू आधी हातानं चाचपतो, तसं मुलांना हात धुऊन आत चाचपू द्या. याचा एक व्यवहारी फायदा आहे. न हलवता ठेवलेल्या पाण्यात विरघळलेलं मीठ रात्रभर बरंचसं तळाशीच राहतं. वरचा घोट जवळजवळ अळणी आणि खालचा खारट लागतो. मग पुढचा सगळा पाठ फसतो. बोटांनी शोधताना पाणी आपोआप ढवळलं जातं. उपनिषदातला क्रम पाळला की प्रयोग नीट होतो, एवढंच मी म्हणते. ऋषींना रसायनशास्त्र ठाऊक होतं वगैरे मला यातून काढायचं नाही, तुम्हीही काढू नका. व्हॉट्सअॅपवर ते काम करणारे पुष्कळ आहेत.

मग पाणी तीन पेल्यांत ओता: वरचं, मधलं, तळाचं. प्रत्येकातला एक घोट. 'कसं लागतं?' खारट. खारट. खारट. उद्दालक पुढे ते टाकून द्यायला सांगतो. मी टाकत नाही; एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेलेला असतो, पाणी स्टीलच्या परातीत पातळ पसरून गच्चीत ठेवते. संध्याकाळी परातीवर पांढरे कण चिकटलेले दिसतात आणि ते नखानं खरवडायला भांडणं होतात. तेव्हा बापाचं वाक्य वाचा: सत्, म्हणजे जे खरोखर आहे ते, इथेच आहे, तुला दिसत नाही, पण इथेच आहे. आणि मग 'तत्त्वमसि श्वेतकेतो', ते तूच आहेस, श्वेतकेतू. अध्यायात हे वाक्य नऊ वेळा येतं. दरवेळी मुलांकडून म्हणवून घ्या, अर्थ एकदाच सांगा.

वडाच्या फळाचा प्रयोग उन्हाळ्यात, फळं लाल होऊन खाली पडायला लागली की करा. झाडाखालीच बसा. फळ फोडायला सांगा. आत चिलटासारखे बारीक किडे निघण्याची शक्यता असते, एखादी किंचाळते. ते वडाचे नेहमीचेच पाहुणे, फळात परागीभवन तेच करतात, एवढं सांगून पुढे जा. मग बी. राजगिऱ्यापेक्षाही लहान. ते पांढऱ्या कागदावर घेऊन टाचणीनं फोडायचं. बहुतेकांचं बी उडून जातं, दुसरं द्या, वडाखाली बियांना तोटा नाही. फुटलं की विचारा, 'आत काय दिसतं?'

श्वेतकेतूचं उत्तर आहे, काहीच नाही. आमच्याकडेही तेच येतं: 'काहीच नाही, बाई.' या घडीला भिंग काढू नका. भिंगाखाली दिसणारा गर हा पुढच्या रविवारचा तास. आज 'काहीच नाही' याच्यावरच थांबायचं आहे, कारण बाप म्हणतो, तुला जे दिसत नाही त्या अणूतूनच हा एवढा मोठा वड उभा आहे. मान वर करून वड बघायला सांगा. मग 'श्रद्धत्स्व सोम्य', विश्वास ठेव बाळा, हे त्याचे शब्द वाचा. विज्ञानाच्या बाईला हा शब्द खटकायला हवा, पण मला खटकत नाही. पोरानं स्वतः फोडून बघितल्यावर बाप हे म्हणतो, आधी नाही.

एक प्रयोग मात्र करू नका. उद्दालक श्वेतकेतूला पंधरा दिवस उपाशी ठेवतो, फक्त पाणी हवं तेवढं. सोळाव्या दिवशी म्हणतो, ऋचा म्हण. एकही आठवत नाही. जेवल्यावर सगळं आठवतं. मन अन्नाचं बनलेलं आहे, हा तो धडा. मुलांकडून कसलाही उपास करून घेऊ नका. रोजच्या नाश्त्याआधी सतराचा पाढा म्हणवून घ्या आणि पोहे खाल्ल्यावर पुन्हा, पुरे. मोठ्यांना एकादशी असतेच. मधुमेहवाल्यांनी डॉक्टरांना विचारून.

हा अध्याय झाला की मागे, चौथ्या अध्यायात या. आपलं गोत्र आईलाही माहीत नाही, हे गुरूला सरळ सांगणारा सत्यकाम जाबाल. चारशे मरतुकड्या गायी घेऊन रानात गेला, हजार झाल्याशिवाय परत फिरणार नाही म्हणाला. आणि त्याच अध्यायातला रैक्व: बैलगाडीखाली बसून खाज खाजवणारा ज्ञानी, ज्याला शोधत राजा येतो. मुलांना हा सगळ्यांत जास्त आवडतो, पण त्याला शेवटी ठेवा. पहिल्याच रविवारी सांगितलात तर पुढचे सगळे रविवार ती खाजवत बसतील.