‘हो’ म्हणणारी पेशंट

ऐरोली ते नेरुळ गाडीत बसून मी इंजेक्शनच्या पायऱ्या घोकल्या होत्या. नर्सिंगच्या सिम्युलेशनचा, म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी पुतळ्यावर सराव करण्याचा, पहिला दिवस. सगळं तोंडपाठ.

लॅबमधल्या मॅनिकिनची, म्हणजे त्या पुतळ्याची, छाती वरखाली होत होती, मनगटाला नाडीही लागत होती. ट्रे घेऊन गेले आणि विचारलं, "तुम्ही शांताबाई ना?" काचेपलीकडून मॅडम पेशंट बनून स्पीकरवर खोकत म्हणाल्या, "हो." औषध तपासलं, डोस तपासला, पेनिसिलिन दिलं. मनगटावरचा पट्टा काही पाहिला नाही. त्यावर नाव यमुनाबाई, आणि खाली लाल शाईत: पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी.

मग डिब्रीफिंग, म्हणजे झालेल्या सरावावर चर्चा. आता ओरडा बसणार, असं धरूनच बसले होते. मॅडमनी व्हिडिओ लावला आणि एवढंच विचारलं, "ती हो का म्हणाली असेल?" कोणी बोलेना. शेवटी एक मैत्रीण म्हणाली, "माझी आजी डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणते. तिला ऐकूच येत नाही." तेव्हापासून "तुम्ही अमुक ना?" बंद. "पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि पट्ट्यावरचं नाव, नोंदणी क्रमांक कागदाशी ताडून बघायचा.

बी.एस्सी. नर्सिंगच्या 2021 च्या सुधारित अभ्यासक्रमात स्किल लॅबचे तास वेगळे मोजले जातात. ते नुसते सहीपुरते घालवू नका. मागे उभं राहून बघणाऱ्या मुलीला सगळं येतंय असं वाटतं, मीही त्यातलीच. सीपीआरला, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून श्वास देण्याला, हात लावल्यावर कळलं. मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांमागे 2 श्वास, हे वहीत होतंच. पण दुसऱ्या मिनिटाला खांदे भरून येतात आणि आपण नकळत छातीवर रेलून राहतो. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त नीट भरत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. "मी अजून करते" हा हट्ट तिथे चालत नाही.

मॅनिकिनला घाम येत नाही, वास येत नाही, त्याचे नातेवाईक दारात अडवत नाहीत. ते वॉर्डातच शिकावं लागतं.

पहिल्या पोस्टिंगला एका आजींना नाव विचारलं. "अगं, सकाळपासून चौथ्यांदा सांगतेय!" त्या वैतागल्या. तरी नाव सांगितलं, आणि मी मागायच्या आत पट्ट्याचा हात पुढे केला.