शाळेसाठी सोन्याचं जुनं नाणं घेताय? या चुका टाळा

दाभोळ, राजापूर, चौल ही बंदरं गजबजलेली होती हे पुस्तकातून सांगणं वेगळं आणि त्या काळी हातोहात फिरलेलं सोनं मुलांच्या तळहातावर ठेवणं वेगळं. म्हणून कोकणातल्या प्रत्येक शाळेच्या इतिहासाच्या कपाटात एक तरी अस्सल सोन्याचं नाणं असावं, असं मला मनापासून वाटतं. ते वाटतं तितकं महागही नाही. पैसे बुडतात ते चुकीचं नाणं मागितल्यामुळे.

रायगड बघून आलं की होनच हवासा वाटतो. १६७४ च्या राज्याभिषेकाचं हे नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. अस्सल होन इतके थोडे उरलेत की काही हजारांत मिळणारा होन नकलीच असतो. तांब्याची खरी शिवराई घ्या, ती सहज मिळते. होनाची प्रतिकृती शेजारी ठेवलीत तर चिठ्ठीवर 'प्रतिकृती' असं स्पष्ट लिहा.

सोनंच हवं असेल तर दक्षिणेतलं पणम बघा. व्यापारी त्याला फनम म्हणतात. केरळातलं वीरराय पणम जेमतेम ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याचं, म्हणजे साधारण तीन गुंजांचं. शेजारी खऱ्या तीन गुंजा मांडा, मुलांना जुनं वजनमाप आपोआप कळतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ते सराफाकडे कसाला लावणं. कसोटीवर घासलं की एवढ्याशा नाण्याचा ठसाच झिजतो. शिवाय पणमांत भेसळ त्या काळीच होती, त्यामुळे कस कमी लागला की सराफ 'खोटं' म्हणून मोकळा होतो. न घासता कॅरेट मशीनवर तपासून घ्या आणि ठसा जाणकाराला दाखवा.

गिनीचं गणित वेगळं. आपण गिनी म्हणतो ती ब्रिटिश सॉव्हरिन ७.९८ ग्रॅमची, २२ कॅरेटची, व्यास २२.०५ मिलिमीटर. तिच्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने तेवढ्या सोन्याची किंमत काढा. कोणी त्याहून बरीच स्वस्त देत असेल तर उठून या. वजन बरोबर असूनही शंका वाटली तर काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि गिनी दोऱ्याने तळाला न टेकवता पाण्यात सोडा. काटा साधारण ०.४५ ग्रॅम दाखवेल. पितळ असेल तर आकडा दुपटीच्या आसपास जातो. पणमावर हा प्रयोग करू नका, तिथे फरक घरगुती काट्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. मात्र २२ कॅरेटच्या नकली गिन्याही निघतात, म्हणून कडा आणि अक्षरं भिंगाखाली बघाच. १९१८ ची मुंबईत पाडलेली मिळाली तर उत्तम. तिच्यावरच्या घोड्याखालच्या जमिनीवर बारीक रोमन 'आय' (I) असतो.

कडी काढल्याची खूण किंवा डाख दिसला म्हणून नाणं नाकारू नका. संग्राहक नाकारतात, म्हणून ते कमी किमतीत मिळतं. आणि शाळेसाठी तेच अधिक बोलकं, कारण ते कधीकाळी दागिन्यात होतं हे त्यावरून कळतं. आपल्याकडची पुतळ्यांची माळ व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावरून आली, त्यावरच्या माणसांच्या आकृत्यांमुळे 'पुतळी' हे नाव पडलं. मात्र माळेतल्या बहुतेक पुतळ्या सोनारांनी घडवलेल्या असतात, त्यांना डुकाट म्हणून पैसे मोजू नका.

'नांगरताना सापडलं' असं सांगून कोणी देत असेल तर हातही लावू नका. दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, म्हणून परवानाधारक विक्रेत्याकडूनच, वजन आणि वर्णन लिहिलेल्या बिलावर घ्या.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, रांगोळी काही लावू नका. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. आपल्या दमट हवेत ते चिकट होतं आणि सोन्यात मिसळलेल्या तांब्यावर हिरवट थर धरतं. घट्ट झाकणाची ॲक्रिलिकची डबी, आत सिलिका जेलची पुडी, वर भिंग. पुडी पावसाळ्यात दर महिन्याला बदला.