बोकडाच्या हृदयाने सुटलेला गुंता

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीच्या चाचणीत माझं रक्ताभिसरण सपशेल चुकलं. मराठी माध्यमात एकच वाक्य घोकलं होतं: धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध. त्यामुळे पल्मनरी आर्टरीतून, म्हणजे हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीतून, ऑक्सिजनयुक्त रक्त वाहतं, असं मी ठामपणे लिहून आले.

रविवारी कसब्यातल्या मटणवाल्याकडून बोकडाचं अख्खं हृदय आणलं. आईने जुना ताट-चाकू काढून दिला, वर बजावलं, "ओट्यावर नको गं, गॅलरीत बस!" उभा काप घेतला आणि बघतच राहिले. डाव्या व्हेंट्रिकलची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याची, भिंत उजव्याच्या कितीतरी पट जाड! साहजिकच आहे, उजव्याने रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं, डाव्याने पार पायाच्या बोटांपर्यंत. झडपांना धरून ठेवणारे पांढरे दोरे चिमटीत ओढून पाहिले. शिवणाच्या दोऱ्यासारखे चिवट, तुटता तुटेनात.

मग उजव्या व्हेंट्रिकलमधून वर बोट घातलं, ते थेट पल्मनरी आर्टरीतून बाहेर आलं. तिथेच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. रक्त कसलं आहे हा प्रश्नच नाही. फुप्फुसांकडे जाणारं रक्त ऑक्सिजन घ्यायलाच तर निघालेलं असतं.

झडपांचं पाठांतर मात्र वेगळं करावं लागलं: उजवीकडे तीन पाकळ्या, डावीकडे दोन. पुढच्या तोंडी परीक्षेत मॅडमनी नेमकी पल्मनरी व्हेनच, म्हणजे फुप्फुसांकडून हृदयाकडे येणारी शीरच, विचारली. मी न अडखळता उत्तर दिलं.