युद्धकाळातल्या दोस्तीवर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धावरच्या प्रबंधात पहिलं प्रकरण हमखास करारांचं असतं: कोणी, कधी, कुठे सही केली. मग सही झाली म्हणजे माल निघाला, असं गृहीत धरलं जातं. सगळा घोटाळा इथेच होतो. जपान सप्टेंबर 1940 मध्ये जर्मनी-इटलीच्या गोटात सामील झाला. तरी पुढे अमेरिकेने लेंड-लीज या युद्धमदत योजनेखाली सोव्हिएत रशियाला पाठवलेल्या मालातला जवळपास निम्मा माल जपानच्या नाकासमोरून रशियाच्या पूर्व किनाऱ्याकडे, व्लादिव्होस्तोकसारख्या बंदरांत गेला. कारण एप्रिल 1941 मध्ये रशिया-जपान तटस्थता करार झाला होता आणि जहाजांवर झेंडा सोव्हिएत होता. आणि हाच रशिया 22 जून 1941 ला जर्मनीने हल्ला करेपर्यंत त्याच जर्मनीला तेल आणि धान्य पुरवत होता! म्हणून कराराशेजारी बंदरांच्या आणि जहाजांच्या नोंदी मांडा. त्या कंटाळवाण्या असतात, पण खरं तिथेच सापडतं.

भारताने ब्रिटनला ‘मदत केली’ असं लिहून मोकळं होऊ नका, बिल कोणी भरलं ते शोधा. नोव्हेंबर 1939 च्या व्यवस्थेनुसार भारताच्या स्वतःच्या संरक्षणापलीकडचा खर्च ब्रिटनने सोसायचा होता. प्रत्यक्षात लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटिश पौंडांतली येणी, साचत गेलं आणि त्याच्या आधारावर इथे नोटा निघत राहिल्या. महागाई भडकली. युद्धाअखेर ही येणी 130 कोटी पौंडांच्या घरात पोचली होती. 1944 मध्ये ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय चलन परिषदेत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ज्यात होते त्या भारतीय शिष्टमंडळाने हा प्रश्न मांडला, पण तो तिथे सोडवायला ब्रिटन तयार झालं नाही.

सोलापूरच्या गिरण्यांवर लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये. ताळेबंदात नफा दुप्पट दिसला की लगेच ‘भरभराट’ लिहायची घाई नको. घाऊक किमतीच युद्धकाळात दुपटीहून जास्त वाढल्या होत्या. जून 1943 मध्ये कापड आणि सूत नियंत्रण आदेश आला, त्याच्या आधीचे आणि नंतरचे भाव एकाच तक्त्यात मिसळू नका.

राहिले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे म्हणून ते इथल्या प्रबंधात येणारच, यायलाही हवेत. पण त्यांना दोस्त राष्ट्रांच्या सहकार्यात कोंबू नका. 1938 मध्ये त्यांचं वैद्यकीय पथक चीनला पाठवलं ते काँग्रेसने, सरकारने नव्हे, आणि ब्रिटन तेव्हा जपानशी युद्धात नव्हतंच. त्यांना स्वतंत्र प्रकरण द्या, लेंड-लीजच्या तक्त्याखालची टीप नको.