गोदाकाठच्या कार्यालयात लग्नाचं जेवण: केटरिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

लग्नाची ऑर्डर आली की नवीन केटरर आधी मेनू ठरवायला बसतो. मी सांगेन, आधी कार्यालयाची मागची बाजू बघून या. नाशिकला गोदावरीच्या काठी, आनंदवल्ली-सोमेश्वरच्या पट्ट्यातली नदीलगतची लॉन्स पुढून देखणी असतात, पण तुमचं काम मागच्या शेडमध्ये होणार. टाकी केवढी, टँकर आत येतो का, भांडी घासायची जागा भट्टीपासून किती लांब, हे कळल्याशिवाय "जिलबी गरमागरम देऊ" असा शब्द देऊ नका. चातुर्मासात लग्नं थांबली तरी साखरपुडे, बारशी चालू असतात. तेव्हा तिथल्या वॉचमनला विचारा, 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. किराणा त्या खुणेच्या वर ठेवायचा.

काठावरचा वारा फार त्रास देतो. उन्हाळ्यात संध्याकाळी तो सुटला की शेगडीची ज्योत एका बाजूला पडते, तेल नीट तापत नाही आणि पुऱ्या तेल पितात. वाऱ्याच्या बाजूने पत्रे उभे करा. कापडी कनात भट्टीजवळ नकोच, पेट घेते. दिवे लागले की किडे येतात, म्हणून मठ्ठा आणि गोडाची पातेली कायम झाकलेली हवीत.

आता खरी कसोटी: अक्षता पडल्यापासून पहिलं ताट भरेपर्यंतचा वेळ. पत्रिकेतला मुहूर्त 12:35 चा असला तरी नवरदेवाची वरात रस्त्यात नाचत असते. घड्याळावर स्वयंपाक लावलात तर पुऱ्या वातड होणार. मी एक चुणचुणीत पोरगा मांडवात उभा ठेवतो. बँड फाटकाशी आला की वरणाला फोडणी, अंतरपाट धरला की कढया मोठ्या आचेवर, शेवटची मंगलाष्टका सुरू झाली की पहिला घाणा. मसालेभात मात्र आधीच दमावर हवा. डेगीत तो बराच वेळ गरम राहतो. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर आणि दह्यादुधाचे 5 अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. मे महिन्याच्या उन्हात बर्फ कमी पडला तर रसमलाई ठेवूच नका, यजमान कितीही आग्रह करोत.

प्रमाणाचं थोडक्यात: वरणभात वेगळा असेल तर 1 किलो तांदळाच्या मसालेभातात 12 ते 14 माणसं होतात. आमरस असला की पुऱ्या नेहमीच्या दीडपट धरा. माणसांचा आकडा यजमानांकडून लेखी घ्या आणि वर किती ताटं लागली तर काय दर, तेही त्याच कागदावर लिहा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, परवाना पहिल्या ऑर्डरच्या आधीच काढा.

वाढपी मात्र जपून निवडा. आचाऱ्याचं नाव होतं, पण पाहुण्यांच्या लक्षात राहतं ते दुसऱ्यांदा कोणी विचारलं, हेच. म्हाताऱ्या माणसांना रांगेत उभं करू नका. बुफे असला तरी त्यांच्यासाठी एक छोटी पंगत मांडा.

आणि तळणाचं तेल, खरकटं पाणी नदीच्या उतारावर ओतू देऊ नका. "सगळेच ओततात" असं कोणी म्हटलं तरी नाही. उरलेलं तेल डब्यांत भरून परत न्या, भांडी धुण्याच्या पाण्याला जाळी लावा, खरकट्याच्या गाडीचं मॅनेजरशी आदल्या दिवशीच ठरवा. हे पैसे दरात धरा आणि यजमानांना उघड सांगा. गंगेकाठी (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) लग्न लावणारी माणसं त्याला सहसा नाही म्हणत नाहीत.